पाणी गार होतं

कारखान्यात तिला सगळे हातोडीबाई म्हणत. मागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. कामच तसं होतं. बाकीचे तीनशे लोक दिवसभर वस्तू घडवत आणि ही एकटी त्या वस्तू मोडत बसे.

मोडायची खोली मशीनच्या मोठ्या शेडच्या टोकाला होती. दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढी. भिंतीला लोखंडी चौकट, तिच्यात दोरीने वर ओढून सोडायचा घण, कोपऱ्यात पाणी तापवायची टाकी, एक टेबल, एक खुर्ची, आणि शेडच्या बाजूला सरकत्या काचेची खिडकी. काच लावली की मशीनचा गोंगाट अर्ध्यावर यायचा. हातोडीबाई काच लावूनच बसायची.

चार नंबरच्या मशीनवर कुबडीच्या मुठी निघत. पायात बळ नसलेल्या माणसाचा सगळा भार त्या मुठीवर येतो, म्हणून रोज दहा मुठी तिच्याकडे येत. रोजच्या रोज त्यातल्या पाच ती घणाखाली धरी. मूठ वाकली, पांढरी पडली, पण तुटली नाही, तर पास. तुटली तर नापास.

पण मूठ साच्यातून निघाली की लगेच मोडून बघायची नसते. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो हसतो. नायलॉन साच्यातून ताजं निघतं तेव्हा ते खडखडीत कोरडं असतं. दिसायला टणक, पण घण बसला की काचेसारखं फुटतं. त्याच्यात पाणी मुरावं लागतं, मग ते चिवट होतं. उघड्यावर ठेवलं तर हवेतलं पाणी ते आपणहून पितं, पण त्यात महिना-दोन महिने जातात. तेवढा वेळ कुणाकडे आहे? म्हणून मुठी गरम पाण्याच्या टाकीत दिवसभर बुडवून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोडायच्या. आणि गंमत अशी की तोच नायलॉनचा दाणा वितळवण्याआधी मात्र भट्टीत घालून पार सुकवावा लागतो. तेव्हा पाण्याचा अंश राहिला तर माल नासला.

"आमच्या ह्यांचं अगदी असंच," पॅकिंगमधली रेडिओ एकदा म्हणाली होती. "जेवायच्या आधी बोललेलं चालत नाही आणि जेवल्यावर गप्प बसलेलं चालत नाही."

रेडिओ हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. ती सकाळी सुरू व्हायची आणि सुट्टीच्या भोंग्याला बंद व्हायची, म्हणून रेडिओ. मुठींचा ट्रे आणि त्यावरची चिठ्ठी हातोडीबाईकडे आणून द्यायचं काम तिचं. दिवसाकाठी हातोडीबाईशी कुणी बोललं तर ती रेडिओच.

चिठ्ठीवर चार नंबरचं मशीन लावून देणाऱ्या सेटरचं अक्षर असे. प्लास्टिक किती तापवलं, साचा किती गरम ठेवला, किती दाबाने भरलं, किती सेकंद गार होऊ दिलं, सगळे आकडे सुबक, एकाखाली एक. त्याखाली हातोडीबाईने निकाल लिहायचा. सगळ्यात शेवटी एक रकाना होता, शेरा नावाचा. तो अकरा वर्षं दोघांनीही कोरा ठेवला होता.

त्या सेटरला कारखान्यात वैद्य म्हणत, कारण तो मशीनवर तळहात ठेवून, डोळे मिटून, तिला काय होतंय ते सांगायचा. हातोडीबाईचा तो सख्खा मोठा भाऊ होता. तीन वर्षांनी मोठा. तिला या कारखान्यात त्यानेच चिकटवलं होतं, आणि घण कसा सोडायचा हेही त्यानेच शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ती त्याच्याशी शेवटचं बोलली होती.

झालं होतं ते असं. आई अंथरुणाला खिळलेली. दोघं पाळीपाळीने तिच्याजवळ बसत. त्या दुपारी पाळी भावाची होती आणि ही कामावर. तो अर्ध्या तासासाठी खाली उतरला, चपलेचा अंगठा तुटला होता तो शिवून घ्यायला. तेवढ्यात आई गेली. बहीण धावत घरी आली, दाराशी शेजारीपाजारी जमलेले, आणि त्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "राखायला बसवला होता, तो चपला शिवत बसला. आई एकटी मेली ती तुझ्यामुळे."

 भावाच्या हातात शिवलेली चप्पल होती, ती त्याने खाली ठेवली. तेराव्या दिवशी स्वतःचं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं. तिच्या मनात पहिली दोन वर्षं राग होता. मग राग विरला, पण तोवर न बोलायची सवय लागली होती आणि ती मोडायला तिच्याकडे कुठला घण नव्हता.

एकाच छताखाली दोघं अकरा वर्षं काम करत राहिली. रोज त्याची चिठ्ठी येई, तिची जाई. नियम असा होता की माल नापास झाला तर सेटरने स्वतः खिडकीशी यायचं, उरलेल्या पाच नगांची तोड डोळ्यांनी बघायची आणि सही करायची. बाकी मशीनचे सेटर महिन्यातून एकदा-दोनदा येऊन तोंड वेंगाडून जात. वैद्याचं काम इतकं चोख, की अकरा वर्षांत त्याला एकदाही त्या खिडकीशी यावं लागलं नाही. हातोडीबाईने अकरा वर्षं त्याच्या मुठी पास केल्या आणि दर वेळी 'पास' लिहिताना तिला कुठेतरी बारीक टोचे.

आता तो निवृत्त होणार होता. महिनाअखेरचा शनिवार त्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर येणार होतं.

त्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी हातोडीबाईने चिमट्याने टाकीतून मुठी काढल्या, फडक्याने पुसल्या, पहिली चौकटीत बसवली आणि घण सोडला. मूठ ताडकन दोन तुकडे झाली. तिला वाटलं, बसवताना चूक झाली. दुसरी बसवली. तीही तुटली. पाचच्या पाच तुटल्या आणि सगळ्या एकाच जागी, कुबडीची नळी बसते त्या भोकामागच्या सांध्यावर.

तिने 'नापास' लिहिलं. रेडिओ चिठ्ठी घेऊन गेली ती डोळे विस्फारूनच. ती गेल्यावर हातोडीबाई टाकीशी गेली, आज बुडवायच्या मुठी सोडायला. सवयीने बोट पाण्यात घातलं. पाणी गार होतं. माठातल्यासारखं गार. शनिवार-रविवारात कधीतरी टाकीचा हीटर बंद पडला होता. मुठींत पाणी मुरलंच नव्हतं. दोष मशीनचा नव्हता, भावाचा तर नव्हताच. दोष या खोलीतला होता.

वायरमनला हाक मारायची आणि रेडिओला परत बोलवायचं, एवढंच करायचं होतं. ती वळलीसुद्धा. तर खिडकीच्या काचेपलीकडे भाऊ उभा.

तिने काच सरकवली. मशीनचा सगळा गोंगाट आत आला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. लांबून हे कधी दिसलं नव्हतं.

"कुठे तुटली?" त्याने विचारलं.

"सांध्यावर."

"पाची?"

"पाची."

तिने उरलेल्या पाच मोडून दाखवल्या. त्याने एकेक तुकडा उचलून बघितला, सही केली आणि गेला. काच लावायची राहून गेली ती दिवसभर राहूनच गेली. ती खुर्चीत बसली. वायरमनला नंतर सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. त्या दिवशीच्या दहा मुठी तिने त्याच गार पाण्यात सोडल्या.

त्या संध्याकाळी घरी ती त्याचे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती. कुठे तुटली. पाची. घरात तशी शांतताच असायची. एक खोली, गॅलरीत एक कुंडी, आणि नळ, जो दोन वर्षं गळत होता. नळाचा तो टपटप आवाज तिला सोबतीसारखा झाला होता, म्हणून तिने तो दुरुस्त करून घेतला नव्हता.

मंगळवारी पुन्हा नापास. तो पुन्हा आला. या वेळी तो जास्त बोलला. तिच्याशी म्हणता येणार नाही, हातातल्या तुकड्याशी बोलत होता, पण ती समोर होती.

"हे बघ. रस साच्यात शिरतो आणि मधल्या खुंटीला अडतो. तिथे त्याच्या दोन धारा होतात. एक इकडून वळसा घेते, एक तिकडून, आणि पलीकडे गाठ पडते. गाठ पडताना दोन्ही गरम असल्या तर एकजीव होतात. थंडावल्या असल्या तर नुसत्या चिकटतात. वरून गुळगुळीत, आत फट." त्याने तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "रस थंड पडतोय म्हणून सांधा कच्चा राहतोय. आच वाढवायला हवी."

"मला शिकवलं होतंस हे," ती म्हणाली. "आले तेव्हा."

त्याने मान वर केली, जणू समोर कुणी बसलंय हे आत्ताच कळलं. "हो," तो म्हणाला, "शिकवलं होतं," आणि गेला.

तिने चिठ्ठीवर बघितलं. शनिवारी दोनशे साठ अंश होतं. सोमवारी त्याने दोनशे सत्तर केलं होतं. आता दोनशे ब्याऐंशी. साचाही जास्त गरम, गार व्हायचे सेकंदही वाढवलेले. भाऊ नसलेल्या आजाराला औषध देत होता आणि रोज मात्रा वाढवत होता. तिला हे दिसत होतं.  तरी ती टाकीशी गेली, गार पाण्यात मुठी सोडल्या आणि झाकण लावलं.

बुधवारी तोड झाल्यावर तो लगेच गेला नाही. खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला. थकलेला दिसत होता.

"तुझा गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"रेडिओला सांगायला कुणी लागतं का?"

ती हसली. तोही जरासा हसला. ओठांचा एक कोपरा तेवढा हलला, आईचा हलायचा तसा. मग तिच्या टेबलावरच्या बाटलीतून तो घोटभर पाणी प्यायला आणि गेला. हातोडीबाईने ती बाटली दिवसभर धुतली नाही.

गुरुवारी सकाळी मात्र तो एकटा आला नाही. साहेब बरोबर होते. साहेब तसे वाईट नव्हते, पण चार दिवस माल अडकला की चांगला माणूसही कडू होतो. त्यांनी पाच मुठी तुटताना बघितल्या आणि घड्याळात बघितलं.

"वैद्यबुवा, काय चाललंय हे? चार दिवस झाले."

"साहेब, आच वाढवतोय. सांधा धरत नाही."

"रोज वाढवताय आणि रोज तुटतंय. तुमच्या हाताला झालंय तरी काय?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "उद्याही नापास झालं तर शनिवारी मी बाहेरून सेटर बोलावतो. आणि या चार दिवसांचा सगळा माल भरडायला जाईल."

भरडायला. वैद्याच्या हातची एकही पेटी चौतीस वर्षांत चुरा व्हायला भरडणीत गेली नव्हती. लोक नव्या सेटरला सांगत, त्याच्याकडे बघून शीक. आणि आता शेवटच्या शनिवारी, त्याच्याच मशीनवर, त्याच्यासमोर बाहेरचा माणूस उभा राहणार होता. शेडमध्ये कुणीतरी मोठ्याने म्हणालंही, "वैद्यालाच आता नाडी सापडेना!" दोघं-तिघं हसले.

भाऊ सही करायला वाकला.  चौतीस वर्षं सुबक आलेलं ते अक्षर कागदावर वाकडं उमटलं. त्याने चिठ्ठी पुढे सरकवली आणि तिच्याकडे न बघता गेला. 

थोड्या वेळाने रेडिओने नवा ट्रे आणला. चिठ्ठीवर आकडा होता तीनशे पाच.

हातोडीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी आच ते प्लास्टिक सोसत नाही, हे तिला माहीत होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त त्याला माहीत होतं. माणूस घाबरला की असंच करतो.

तिने वायरमनला बोलावलं. तो आला, टाकीमागे वाकला आणि दोन मिनिटांत उठला.

"तार सुटली होती. कधीपासून बंद आहे?"

"आत्ताच," ती म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिने मनाशी सगळं जुळवून ठेवलं. आता पाणी गरम. त्या दहा मुठी रात्रभर नीट भिजतील, उद्या घणाखाली वाकतील, तुटणार नाहीत. ती 'पास' लिहील. साहेब निवळतील, भावाची मान ताठ होईल, बाहेरचा सेटर येणार नाही, आणि पाण्याचं कुणाला कळायचं कारणच नाही. चार दिवस तिच्या पदरात पडले होते ते पडले.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. बोट घालून बघितलं, पाणी चांगलं चटका देत होतं. पहिली मूठ काढली, पुसली, बसवली, घण सोडला.

मूठ तुटली.

या वेळचा आवाज निराळा होता. ताडकन नाही, पिचका, कुजकं फळकूट मोडल्यासारखा. तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेल्या कडेला पिवळसर झाक होती. जळालेलं होतं ते. आच जास्त, त्यात गार व्हायला जास्त वेळ दिल्यामुळे दाणा मशीनच्या तापलेल्या नळीत जास्त वेळ अडकून शिजत राहिलेला. आतून पार मोडून गेला होता. दुसरी तुटली. तिसरीही, आणि ती तर सांध्यावरसुद्धा नाही, भलतीकडेच तुटली. पाचही गेल्या.

सोमवारी तिने खोटं लिहिलं नव्हतं, फक्त खरं सांगितलं नव्हतं. आता मात्र तिचं ते न सांगणं खरोखरीचं नापास होऊन समोर पडलं होतं. आता हे झाकायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने पुन्हा 'नापास' लिहिलं तर तो आणखी आच वाढवेल नाहीतर हात टेकेल. आणि 'पास' लिहिलं तर उद्या कुठल्यातरी जिन्यावर कुणाच्यातरी हातात ती मूठ पिचेल.

ती उठली. खोलीचं दार उघडून शेडमध्ये गेली. कामाच्या वेळात हातोडीबाई खोलीबाहेर आली हे बघूनच दोन-तीन माना वळल्या. चार नंबरशी भाऊ पाठमोरा उभा होता, तळहात मशीनवर ठेवून.

"दादा," ती म्हणाली.

मशीनच्या आवाजात ते तिलाही ऐकू आलं नाही. कबुली देताना माणसाचा आवाज खाली जातो, पण त्या शेडमध्ये खाली आवाजात बोलून चालत नाही. तिने छाती भरून घेतली आणि ओरडली, "दादा! मशीन बंद कर! तुझी चूक नाही! पाणी गार होतं!"

तो वळला. पॅकिंगच्या टेबलाशी रेडिओचा हात पेटीवर तसाच थांबला.

"काय?"

"टाकीतलं पाणी! सोमवारपासून गार होतं! मुठी भिजल्याच नाहीत! तुझं काही बिघडलं नव्हतं!"

त्याने हात लांब करून मशीन थांबवलं. आवाज बंद पडायच्या आधीच तिचे शब्द सगळ्या शेडला ऐकू गेले असावेत, कारण शेजारच्या मशीनवरचाही माणूस बघत होता.

"सोमवारपासून?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

 "सोमवारी," ती म्हणाली.

"सोमवारी कळलं आणि तू बोलली नाहीस." तो विचारत नव्हता, नुसतं म्हणत होता.

"बोलले असते तर तू खिडकीशी आला नसतास."

भावाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरंच होईल. तो ओरडला नाही. खिशातून फडकं काढलं, हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं.

"आणि आईच्या वेळी बोलले," ती म्हणाली, "ते पण खोटं होतं."

"खोटं नव्हतं ते," तो म्हणाला. "मी गेलोच होतो खाली."

"अर्धा तास. मीसुद्धा गेले असते."

"तू नसतीस गेली."

"गेले असते, दादा. मी तर जायची. माझ्या पाळीला चार वेळा गेले होते. तिला झोप लागली की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. तेव्हा ती मेली नाही, एवढंच."

हे तिने अकरा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.  भाऊ मशीनकडे वळला, आणि पाठमोराच म्हणाला, "जा आता. मला काम करू दे. नळीतला जळका माल सगळा काढून टाकायला हवा. दुपारच्या आत जुन्या आकड्यांवर आणतो."

ती परत आली. चिठ्ठीवर 'नापास' लिहिलं आणि मग, अकरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात सगळं लिहिलं. हीटर कधी बंद पडला, तिला कधी कळलं, तिने काय केलं नाही. रकाना पुरला नाही, उरलेलं मागे लिहिलं. सही केली आणि चिठ्ठी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी वाचली. चष्मा काढला.

"का केलंत हो बाई असं?"

या प्रश्नाचं उत्तर रकान्यात लिहिलेलं नव्हतं आणि तिने तोंडानेही दिलं नाही.  साहेब म्हणाले, "बाहेरच्या सेटरला नको म्हणून कळवतो. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. तपासणीला दुसरं कुणी बघतो. माल भरडणीत जाईल, पण तो वैद्यांच्या नावावर लागणार नाही."

तिने मान हलवली. निघताना दारात रेडिओ. ऐकत उभी होती हे लपवायची तिने तसदीही घेतली नाही.

"या आमच्यात," ती म्हणाली. "तोडायला काही मिळणार नाही, पण कान किटतील." मग पहिल्यांदाच रेडिओला पुढे काही सुचलं नाही. तिने हातोडीबाईच्या दंडावर एक थाप मारली आणि गेली.

शनिवारी दुपारी तिने टाकीतून जुन्या आकड्यांवरच्या मुठी काढल्या. चिठ्ठीवरचं अक्षर पुन्हा सुबक होतं. दोनशे साठ. पहिली मूठ घणाखाली वाकली, सांध्याशी पांढरी पडली, आणि तशीच राहिली. पाचही राहिल्या. तिने 'पास' लिहिलं. चिठ्ठी रेडिओबरोबर गेली.

पास झालेल्या मालाला सेटरला यावं लागत नाही. ती आपलं सामान आवरायला लागली. फडकी, बाटली, खुर्चीवरची उशी. शेडमध्ये भावाला निरोप द्यायला लोक जमलेले काचेतून दिसत होते. कुणीतरी काहीतरी बोलत होतं, टाळ्या वाजल्या, तोंडं हलत होती. काच लावलेली असल्यामुळे तिला शब्द ऐकू येत नव्हते. तिने जायचं मनात आणलं. पण चार दिवस त्याला ज्यांच्यासमोर मान खाली घालायला लावली, त्यांच्यात जाऊन टाळ्या वाजवायला तिचे पाय वळेनात.

काचेवर टकटक झाली.

तिने काच सरकवली. भाऊ होता. हातात कुणीतरी दिलेली फुलं, ती त्याला धरता येत नव्हती, झाडूसारखी उलटी धरली होती.

"पास झालंय," ती म्हणाली.

"वाचलं."

"मग?"

"तोड बघायला आलोय."

"पास झालेल्याची तोड कोण बघतं?"

"पाच उरल्यात ना? दाखव एक."

तिने एक बसवली, दोरी ओढली, घण सोडला. मूठ वाकली. तिने काढून त्याच्या हातात दिली. त्याने फुलं कठड्यावर ठेवली, मूठ उजेडात धरली आणि सांध्यावरून अंगठा पुढेमागे फिरवला. बराच वेळ फिरवला. त्याच्या डोळ्यांतला राग उतरला नव्हता, हे तिला दिसत होतं. तो इतक्यात उतरणारही नव्हता.

"चार दिवस मला झोप नव्हती, धाकटे," तो म्हणाला. "वाटलं, हात गेले माझे."

"माहितीय."

"तुला हाक मारता येत नव्हती?"

"तुला येत होती?"

 त्याने चिठ्ठी मागितली, आणि पास झालेल्या मालाला लागत नाही अशी सही खाली केली. मूठ खिशात घालायला गेला, मावेना, म्हणून परत तिच्यासमोर ठेवली. फुलं उचलली.

"नळ गळतोय का अजून तुझा?"

"रेडिओ?"

"दुसरं कोण." तो वळला. दोन पावलं जाऊन थांबला, पण मागे बघितलं नाही. "पान्हा घरी आहे माझ्याकडे," एवढं म्हणून गर्दीत शिरला.

तो कधी येणार, येणार का, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. भोंगा झाला. लोक पांगले. तिने टाकीचा हीटर बंद केला, पाणी सोडून दिलं, खोलीला कुलूप घालून किल्ली साहेबांकडे दिली.

घरी गेल्यावर तिने ती वाकलेली मूठ गॅलरीच्या कठड्यावर कुंडीशेजारी ठेवली. आत नळ टपटपत होता. दोन वर्षं ज्या आवाजाच्या सोबतीवर ती झोपत होती, तो आज तिला जास्तच मोठा वाटला. तिने नळाखाली भांडं ठेवलं आणि खुर्ची ओढून दाराच्या बाजूला तोंड करून बसली.